पेला, माप आणि ओळख



ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांनी मला आठव्या इयत्तेत विज्ञान शिकविले. पुढे मी मराठीच्या वाटेला गेलो आणि सारे आयुष्य भाषेच्या अध्यापनात घालविले. त्यामुळे त्यांच्या नावाचे व्याख्यान एखाद्या विज्ञानाच्या अभ्यासकाने द्यावे, अशी विनंती मी संयोजकांना केली होती. ती त्यांनी मानली नाही. तेव्हा निदान विषय तरी गुरुजींच्या वर्गातला निवडावा, असे मी ठरविले.

त्या वर्गातील एक दिवस मला अजून स्पष्ट आठवतो. गुरुजींनी घरून पंचात गुंडाळून पितळेचा एक पेला आणला होता. पेल्याच्या मधोमध वसुदेवाची लहानशी मूर्ती होती आणि तिने बाळकृष्णाला उंच धरले होते. गुरुजींनी आम्हांला एकेक करून पाणी ओतावयास सांगितले. पाणी वसुदेवाच्या गुडघ्यापर्यंत आले, कमरेपर्यंत आले, गळ्याशी आले. बाळकृष्णाच्या पावलाला ते लागले मात्र, आणि पेल्याच्या बुडातून धार सुरू झाली. पेला पुरता रिता होईपर्यंत ती थांबली नाही. यमुना उतरली, यमुना उतरली, असा आम्ही गलका केला. गुरुजी शांतपणे म्हणाले, "ती का उतरली, ते आता सांगा."

गेल्या वर्षी माझी नात अमेरिकेहून आली. तिच्या सामानात फ्लोरिडातील डिस्ने वर्ल्डच्या हॉटेलातून घेतलेला प्लास्टिकचा एक मोठा पेला होता. तिने सांगितले की, या पेल्याच्या बुडाशी एक चकती दडविलेली आहे. तेथील यंत्राखाली पेला धरला की, यंत्र तो ओळखते आणि सरबताची धार सोडते. मुक्कामाचे दिवस संपले की, तोच पेला धरला तरी यंत्र गप्प राहते. आता त्या पेल्यात माझ्या लेखण्या असतात.

या दोन पेल्यांमधील अंतर मोजण्याचा प्रयत्न मी आज करणार आहे. पेल्याला माप कळणे ही फार जुनी गोष्ट आहे. पेल्याला माणूस कळणे ही नवी. आणि ही नवी गोष्ट वाटते तितकी नवी आहे काय, हाही प्रश्न शेवटी विचारावयाचा आहे.

१. माप जाणणारे पात्र

प्रथम गुरुजींच्या प्रश्नाचे उत्तर देतो. वसुदेवाच्या मूर्तीत एक वाकडी नळी दडविलेली असते. तिचे एक तोंड पेल्याच्या आत तळाशी उघडते. तेथून ती वर चढते, बाळकृष्णाच्या पावलाच्या उंचीवर वळते आणि खाली उतरून बुडाच्या छिद्रात संपते. पाणी वळणाच्या खाली असेतो काहीच घडत नाही. ते वळण ओलांडून पलीकडे उतरले की, नळी पाण्याने भरते आणि आत हवा शिरेपर्यंत पाणी ओढून नेते. हीच वक्रनलिका, म्हणजे सायफन. यात ना झडप आहे, ना फिरणारा भाग. निर्णय सारा वळणाच्या उंचीत साठविलेला आहे.

ग्रीसमधील सामोस बेटावर याच रचनेचा पेला आजही प्रवाशांना विकतात आणि त्याचे जनकत्व त्या बेटावर जन्मलेल्या पायथागोरसला देतात. ते परंपरेचे देणे आहे. त्यास पुरावा मागू नये. पण त्या पेल्याचा उपदेश स्पष्ट आहे. खुणेपर्यंत ओतणाऱ्याला प्यावयास मिळते. त्याहून अधिकाचा लोभ धरणाऱ्याचे होते नव्हते तेही जाते. चीनमध्ये याच जातीच्या पेल्याला न्यायाचा पेला असे नाव आहे. तेथील 'शुन्झी' या प्राचीन ग्रंथात तर याहून साधे पात्र भेटते. लू राज्यातील ड्यूक ह्वान याच्या देवळात कन्फ्यूशिअसने एक कलते पात्र पाहिले. रिकामे असता ते कलत असे, अर्धे भरले की सरळ उभे राही आणि काठोकाठ भरले की उलटे होई. राजाने ते आसनाच्या उजव्या हाताशी ठेवावयाचे असे.

आपल्या कहाण्यांत देवता व्रतस्थाला बजावतात की, उतू नकोस, मातू नकोस. उतणे हे भांड्याचे आणि मातणे हे माणसाचे. पण भाषेने त्यांची जोडी जमविली ती उगीच नव्हे. या सर्व पात्रांत एक गुण समान आहे. त्यांचा नियम ओतणाऱ्याच्या डोळ्यांसमोर असतो. नळी दिसत नसली तरी खूण दिसते. आणि तो नियम सर्वांना सारखा असतो. वर्गात आम्ही चाळीस मुले होतो. ज्याने ज्याने पावलापर्यंत ओतले, त्याची त्याची यमुना उतरली.

२. दरबारातील करमणूक

माप राखण्यासाठी शोधलेली वक्रनलिका लवकरच करमणुकीच्या कामी लागली. इसवी सनाच्या पहिल्या शतकात अलेक्झांड्रिया येथे हेरॉन नावाचा यंत्रज्ञ होता. त्याच्या ग्रंथात, एकाच भांड्यातून मर्जीप्रमाणे मद्य वा पाणी कसे काढावे, याच्या युक्त्या आहेत. त्याच ग्रंथात देवळासाठी एक यंत्र वर्णिले आहे. भाविकाने फटीतून पाच द्राख्माचे नाणे टाकावे. नाणे आतल्या दांडीच्या टोकावरील पट्टीवर पडते, दांडी कलते, झडप उघडते आणि पवित्र पाणी वाहू लागते. नाणे घसरून खाली पडले की झडप मिटते. पैसा दिला म्हणजे पाणी मिळेल आणि दिला तेवढेच मिळेल, हे सांगणारे यंत्र सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी कागदावर उतरले होते.

नवव्या शतकात बगदाद येथे मुहंमद, अहमद आणि हसन या तीन भावांनी, ज्यांना बनू मूसा म्हणतात, सुमारे शंभर युक्तियंत्रांचा ग्रंथ रचला. त्यातील पुष्कळ यंत्रे ही चमत्कारिक भांडीच आहेत. एक भांडे असे की, सलग ओतत राहिले तर ते पाणी घेत राहते. ओतणारा क्षणभर थांबला की, पुन्हा थेंबही आत घेत नाही. पाहुणा ओशाळावा आणि मैफल हसावी, हा हेतू. सन १२०६ मध्ये दियारबकिरच्या अर्तुकी दरबारातील अल-जझरीने आपला ग्रंथ पूर्ण केला. त्यात पन्नास यंत्रे असून त्यांचा एक वर्गच पानगोष्टीतील पात्रांना आणि बाहुल्यांना दिलेला आहे. तळ्यात तरंगणारी वादकांची नौका त्यात आहे; ठरावीक वेळाने कपाटातून पेला घेऊन बाहेर येणारी दासीही आहे. दोन पेल्यांमध्ये किती वेळ जावा, हे तेथे पाण्याच्या थेंबांनी ठरविले आहे. ही गोष्ट आपण ध्यानात ठेवू. पुढे तिची गाठ पडणार आहे.

आपण माळव्यात आहोत, म्हणून धारच्या भोजराजाचे नाव येथे घेतलेच पाहिजे. अकराव्या शतकातील त्याच्या 'समरांगणसूत्रधार' या ग्रंथातील एकतिसावा अध्याय यंत्रविधानाचा आहे. दिव्यात तेल घालणारी बाहुली, पाणी पिणारा कृत्रिम हत्ती, कारंजी आणि धारागृहे यांचे वर्णन त्यात आढळते. भोजाने यंत्रांची घडण मात्र तपशिलाने सांगितलेली नाही. अज्ञानामुळे नव्हे, गुप्ततेसाठी सांगत नाही, असा खुलासा तो स्वतःच करतो. पाणी कोठे जाते, हे न कळण्यातच या यंत्रांची गंमत होती. दरबारातील पात्राचा नियम पिणाऱ्याला ठाऊक नसे. तो यजमानाला ठाऊक असे.

३. मेजावरील पैज

युरोपातील दोन दाखले एवढ्यासाठी देतो की, मापाचे रूपांतर खेळात कसे होते, हे त्यांतून दिसते. बाराव्या शतकातील इतिहासकार विल्यम ऑफ माम्सबरी याने एक कथा नोंदविली आहे. दहाव्या शतकात इंग्लंडच्या एडगर राजाच्या काळी एकाच मोठ्या पात्रातून आळीपाळीने पिण्याची चाल होती आणि कोणी किती प्यायले यावरून भांडणे होत. तेव्हा डन्स्टन या धर्मगुरूच्या सल्ल्याने पात्रांच्या आत सोन्यारुप्याच्या खुंट्या बसविल्या. प्रत्येकाने आपल्या खुंटीपर्यंतच प्यावे. पुढे काय झाले असेल, ते आपण ओळखले असेलच. खुंटी ही मर्यादा न राहता पैज झाली. सन ११०२ च्या धर्मसभेला, पाद्र्यांनी खुंट्यांपर्यंत पिण्याच्या चढाओढीत पडू नये, असा नियम करावा लागला.

दुसरा दाखला जर्मनीतील आउग्सबुर्ग येथील सोनारांचा आहे. सतराव्या शतकाच्या आरंभी त्यांनी चांदीची, सोन्याचा मुलामा दिलेली चालती पानपात्रे घडविली. हरणावर बसलेली डायना देवी. बैठकीत घड्याळाची चक्रे आणि चाके. किल्ली दिली की, ती मेजावरून धावे आणि ज्याच्यापुढे थांबे, त्याने पोकळ हरणाचे मुंडके काढून आतले मद्य प्यावे. त्यातील एक नमुना न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात आहे. प्यावे कोणी, हे येथे यंत्र ठरविते. पण ते माणूस ओळखत नाही. ते केवळ थांबते. त्यामुळे राजा आणि सरदार यांना एकच नशीब वाट्याला येते.

४. बिनतारी पात्र

आता नातीच्या पेल्याकडे येऊ. त्याच्या बुडाशी असलेल्या चकतीत तारेचे बारीक वेटोळे आणि एक चिमुकली चकाकती चीप असते. विजेचा घट तीत नसतो. यंत्रातून निघणाऱ्या रेडिओलहरी वेटोळ्यात वीज निर्माण करतात, तेवढ्यावर चीप जागी होते आणि आपला क्रमांक कळविते. यंत्र तो पडताळते आणि झडप उघडते. हे सारे डोळ्याचे पाते लवते न लवते तोच घडते.

परावर्तित रेडिओशक्तीने संदेश पाठविण्याची कल्पना हॅरी स्टॉकमन याने सन १९४८ मध्ये एका निबंधात मांडली. तत्पूर्वीच, सन १९४५ मध्ये, मॉस्कोतील अमेरिकन राजदूताला लाकडी राजमुद्रेची भेट मिळाली होती. तिच्या पोटात लेऑन थेरेमिन याने बनविलेले, विजेच्या घटाविना चालणारे श्रवणयंत्र होते. ते सापडण्यास सन १९५२ उजाडावे लागले. सन १९७३ मध्ये मारिओ कार्डुलो याला स्मृती असलेल्या अशा ओळखचकतीचे अमेरिकन पेटंट मिळाले. त्याच सुमारास चार्ल्स वॉल्टन याने चकतीच्या ओळखीने दाराचे कुलूप उघडणारी योजना केली. या तंत्राचे घराणे पाहिले तर त्यात हेर आणि पहारेकरी भेटतात. पेला त्यात बराच उशिरा आला.

तो प्रथम आला तो प्रयोगशाळेत, आणि सौम्य हेतूने आला. सन १९९९ च्या सुमारास जर्मनीतील कार्ल्सरूह विद्यापीठात 'मीडियाकप' तयार झाला. कॉफीच्या पेल्याच्या बुडाशी उष्णता आणि हालचाल जाणणारी उपकरणे होती आणि ती अवरक्त किरणांनी आपली स्थिती कळवीत. एका खोलीत अनेक गरम पेले जमले, म्हणजे तेथे बैठक चालू असली पाहिजे, असा तर्क संगणक करी. सन २००२ मध्ये अमेरिकेतील मित्सुबिशीच्या संशोधनशाळेत पॉल डीट्झ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी, रिकामा होत आलेला पेला वाढप्याला आपण होऊन कळवील, अशी रचना केली; पेल्याला वीज मिळे ती मेजात बसविलेल्या वेटोळ्यातून. सन २००६ मध्ये मॅसॅच्युसेट्स येथील एमआयटीत दूरदूर राहणाऱ्या दोन जिवलगांसाठी पेल्यांची जोडी झाली. एकाने घोट घेतला की दुसऱ्याचा पेला उजळावा. हा मला या साऱ्या इतिहासातील सर्वांत हृद्य पेला वाटतो. पुढे बाजाराने हीच कल्पना उचलली. सन २०१३ मध्ये ब्राझीलमध्ये एका बिअर कंपनीने असे पेले आणले की, ते एकमेकांवर टेकविताच ते धरणाऱ्या दोघांची समाजमाध्यमावर मैत्री जुळावी.

पण धंद्यात टिकला तो पुनर्भरणाचा पेला. एकदा पैसे द्या आणि हवे तितक्या वेळा भरून घ्या, ही अमेरिकन उपाहारगृहांची जुनी रीत. कागदी पेल्याला दिवस कळत नाही. एकाने विकत घेतलेला चौघांत फिरतो, कालचा आज परत येतो. म्हणून सन २०१३ मध्ये डिस्ने वर्ल्डच्या हॉटेलांत चकतीचे पेले आले. ते एक दिवस, दोन दिवस वा साऱ्या मुक्कामाच्या मुदतीचे असत. कोकाकोलाने सन २००९ मध्ये आणलेल्या, शंभराहून अधिक पेये देणाऱ्या 'फ्रीस्टाइल' यंत्रालाही क्रीडोद्यानांत आणि प्रवासी जहाजांवर असेच पेले जोडले गेले. काही ठिकाणी एकदा भरल्यावर पुन्हा भरण्यापूर्वी ठरावीक मिनिटे जावी लागतात. अल-जझरीच्या दासीची गाठ पडेल म्हणालो होतो, ती येथे.

साखरेच्या पेयांचे दुष्परिणाम पाहता कोणी म्हणेल की, आवर घालणारा पेला हवाच. मात्र या पेल्याचा आवर पिणाऱ्याच्या प्रकृतीसाठी नाही. त्याची मोजदाद विक्रेत्याच्या हिशोबासाठी आहे. प्रकृतीचा विचार राज्यसंस्थांनी वेगळ्या मार्गाने केला. गोड पेयांचे अमर्याद मोफत पुनर्भरण फ्रान्सने सन २०१७ मध्ये कायद्याने बंद केले. इंग्लंडने त्यावर सन २०२५ मध्ये बंदी घातली. तो नियम छापील आहे, सर्वांना वाचता येतो आणि सर्वांना सारखा आहे. वसुदेवाच्या पेल्याशी त्याचे नाते अधिक जवळचे आहे.

५. तोटी कोणाच्या हाती

आतापर्यंतच्या इतिहासात पेल्याने तीन प्रश्न विचारलेले दिसतात. वसुदेवाचा पेला विचारतो, किती? हेरॉनचे यंत्र विचारते, पैसे दिलेस काय? बिनतारी पेला विचारतो, तू कोण? हा तिसरा प्रश्न ऐकला की, आपल्या देशातील माणसाला यंत्र आठवत नाही. दुसरेच काही आठवते.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी आपल्या आत्मकथनपर टिपणांत शाळेतील पाण्याची हकीकत लिहून ठेवली आहे. ते साताऱ्यास शिकत असता इतर मुले तहान लागली की, नळाशी जात आणि तोटी सोडीत. यांना तोटीला हात लावण्याची मुभा नव्हती. शिक्षकांनी परवानगी द्यावी आणि शिपायाने तोटी सोडावी, तेव्हा पाणी. शिपाई जवळ नसला की, तहान तशीच घेऊन घरी यावयाचे. ती तोटी मुलाची तहान मोजत नव्हती. ती त्याची जात ओळखत होती. सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले करण्याचा सी. के. बोले यांचा ठराव मुंबई कायदेमंडळात सन १९२३ मध्ये संमत झाला. तरीही महाडच्या चवदार तळ्यावर ओंजळभर पाणी पिण्यासाठी २० मार्च १९२७ रोजी हजारो माणसांना चालत जावे लागले.

हे केवळ पुस्तकातले नाही. माझे एक वर्ष आजोळी, खानदेशातील एका खेड्यात गेले. तेथील शाळेत पाण्याचा रांजण होता आणि त्यावर लांब दांड्याचा ओगराळा होता. आम्ही ओगराळ्याने फुलपात्रात घेऊन पीत असू. माझ्या बाकाजवळ, पण बाकावर नव्हे, बसणारा एक मुलगा मधल्या सुट्टीत ओंजळ करून उभा राही आणि कोणीतरी वरून धार धरी. कधी मीही धरली आहे. धार केव्हा थांबवावी, हे माझ्या हाती होते. त्याची ओंजळ अजून पुढे असता मी खेळावयास पळालो, असेही एकदा घडले. त्या वेळी त्याचे मला काहीच वाटले नाही, हे आज या व्यासपीठावरून सांगताना वाटते.

त्याच्या पुढच्या वर्षी मी या शाळेत आलो आणि गुरुजींचा पेला पाहिला. त्यांनी प्रत्येकाच्या हाती तांब्या दिला होता, प्रत्येकाच्या. कोणाला वगळले नाही, कोणाला पुढे काढले नाही. त्यांनी त्या दिवशी समतेवर एक शब्दही उच्चारला नाही. त्यांनी वक्रनलिका शिकविली. पण चाळीस जणांसाठी यमुना एकाच खुणेवर उतरते, हे पाहिलेल्या मुलाला पुढचे सांगावे लागत नाही. निदान मला तरी ते कळले, उशिरा का होईना.

क्रीडोद्यानातील सरबताचा पेला आणि साताऱ्याची तोटी एका पारड्यात घालण्याचा माझा हेतू नाही. एक हौस आहे, दुसरा अन्याय होता. सरबत न मिळाल्याने कोणी तहानेलेले घरी जात नाही. पण तंत्र हौसेतून शिरते आणि गरजेत स्थिरावते. आपल्याच देशात गेल्या दीड दशकात अनेक वस्त्यांत आणि खेड्यांत पाण्याची अशी यंत्रे बसली आहेत की, आगाऊ पैसे भरलेले कार्ड टेकविले म्हणजे शुद्ध पाणी मिळते. त्यांनी पुष्कळांची सोय केली आहे; टँकरमागे हंडा घेऊन धावण्यापेक्षा ती निश्चितच बरी. ज्याच्यापाशी कार्ड नाही, अशा वाटसरूसाठी शेजारी एक उघडा नळ आहे की नाही, एवढे आपण पाहिले पाहिजे. आपल्या पूर्वजांनी उन्हाळ्यात पाणपोया घातल्या. तेथे माठावर झाकण असे, ओगराळे असे, पाणी देणारी बाईही असे. पण 'तू कोण' असे विचारणारी पाणपोई ही पाणपोईच नव्हे, हेही आपल्यापैकी अनेकांना फार उशिरा उमगले.

विद्यार्थी मित्रांनो, तुमच्यापैकी कोणी उद्या यंत्रे घडवील. पेल्यात चीप बसवील, नळाला संगणक जोडील. जरूर जोडावा. आधी एवढेच ठरवावे की, आपले पात्र 'किती' विचारणार आहे की 'कोण'. आणि त्याची खूण पिणाऱ्याला दिसणार आहे की नाही.

गुरुजींचा तो पितळी पेला त्यांच्या कुटुंबीयांनी या शाळेच्या प्रयोगशाळेस दिला आहे. व्याख्यानापूर्वी मी तो पाहून आलो. बाळकृष्णाचे पाऊल हातांनी झिजून गुळगुळीत झाले आहे. वक्रनलिका अजून शाबूत आहे. ज्यांना इच्छा असेल, त्यांनी जाताना पाणी ओतून पाहावे.